न तपासलेली मुलगी निरोगी कशी?

सावर्ड्याजवळ डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला आहे. अशा कोणत्याही पाहणीत काही मुलींचे हिमोग्लोबिन मोजायचे राहून जाते. तक्त्यात ती जागा रिकामी राहते. 'स्टाटा' या १९८५ पासूनच्या संख्याशास्त्रीय आज्ञावलीशी आमचे भांडण आहे ते इथे.

तिच्या आज्ञा सुटसुटीत आहेत. 'रिनेम'ने चलाचे नाव बदलते, 'जनरेट'ने नवे चल तयार होते. 'रिप्लेस' तर किती किमती बदलल्या तेही सांगते. पण रिकामी जागा ती कोणत्याही संख्येहून मोठी मानते! समजा, दहा मुलींपैकी चौघींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमपेक्षा कमी, चौघींचे जास्त आणि दोघींचे रक्त घेतलेलेच नाही. '१२ किंवा अधिक असेल तर १, नाहीतर ०' असे चल आपण 'जनरेट'ने केले, की त्या दोघीही १ मध्ये जातात. तपासलेल्या आठांत रक्तक्षय ५० टक्के. स्टाटाच्या चलात ४० टक्के. 'आर' या विनामूल्य आज्ञावलीत अशी जागा रिकामीच राहते.

पुस्तिकेत हा नियम छापलेला आहे, 'इफ' जोडून रिकाम्या जागा वगळताही येतात, हे खरे. पण नवशिक्याला तो माहीत असणार कसा? पडद्यावर चूक दाखवणारी एक ओळसुद्धा उमटत नाही.