रात्रीचे राग आणि दहाचा ठोका

डिसेंबर महिना लागला कीं पुण्यांतील कलाविषयक चर्चेस एकच विषय पुरतो. तसें पाहिलें तर या दिवसांत शहरांत इतर कांहीं घडत नाहीं असें नव्हे. बालगंधर्व रंगमंदिराच्या कलादालनांत चित्रांचीं प्रदर्शनें लागतात व उतरतात. भरत नाट्य मंदिरांत पडदा वर जातो व खालीं येतो. सुदर्शन रंगमंचासारख्या आटोपशीर जागेंत तरुण मंडळी आपले धीट, कधीं कधीं अति धीट, प्रयोग करून पाहतात. यांपैकीं एकदोघांवर स्वतंत्र लिहावें अशी आमची इच्छा आहेच. परंतु घरोघर विचारला जाणारा प्रश्न मात्र एकच असतो : "यंदा सवाईला कोण कोण आहे ?" कलावंतांची यादी वर्तमानपत्रांत येतांच ती कापून ठेवण्यांत येते, कोणत्या दिवशीं कचेरींतून लवकर निघावयाचें याचे बेत ठरतात, आणि महोत्सव संपल्यावर 'रसिक मंत्रमुग्ध झाले' अशी ग्वाही तींच वर्तमानपत्रें देतात. (हा 'मंत्रमुग्ध' शब्द आमच्या संगीतसमीक्षेंतून पांच वर्षेंपर्यंत हद्दपार करावा, म्हणजे समीक्षकांस गाण्याविषयीं कांहीं लिहिणें भाग पडेल, अशी आमची एक जुनी सूचना आहे.)

आम्हांस येथें निराळाच प्रश्न विचारावयाचा आहे. कोण गाणार हें यादीवरून कळतें. पण काय गाइलें जाणार नाहीं, हें कोणत्याच यादींत छापलेलें नसतें. तें आपणच ताडून पाहावें लागतें. आणि गेलीं वीस वर्षें तें ताडून पाहिलें असतां जें दिसतें तें चिंतनीय आहे.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर, हे अब्दुल करीम खांसाहेबांचे शिष्य. त्यांचें देहावसान 1952 सालीं झालें, आणि त्यांच्या स्मरणार्थ त्यांचे शिष्य भीमसेन जोशी यांनीं आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीनें 1953 पासून हा उत्सव मांडला. मुळांत ही गुरूची पुण्यतिथि. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हीं गुरुभावंडें तींत आपली सेवा रुजू करीत. पुढें रमणबागेच्या पटांगणावर ही पुण्यतिथि साऱ्या हिंदुस्थानची झाली. भीमसेनजी 2011 च्या जानेवारींत निवर्तल्यावर महोत्सवाच्या नांवांत त्यांचेंही नांव जोडलें गेलें, आणि 2018 पासून तो पेठेंतून उठून मुकुंदनगरास महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर गेला. नांव बदललें, जागा बदलली. या दोन्ही फरकांची चर्चा पुणेकरांनीं आपल्या रीतीप्रमाणें भरपूर केली. तिसरा फरक त्याहून मोठा होता व त्याची चर्चा फारच थोडी झाली. तो म्हणजे रात्र गेली.

पूर्वीं हा उत्सव तीन रात्रींचा असे. गाणें रात्रीं बसे तें उजाडेपर्यंत चाले. शाली, कानटोप्या, घरून आणलेल्या सतरंज्या, मध्यरात्रीनंतरचा चहा, आणि पहाटेच्या गारठ्यांत कोणीतरी ज्येष्ठ गवई येऊन बसेल म्हणून पेंगुळल्या डोळ्यांनीं धरलेला धीर, हें सारें आमच्या वयाच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या विद्यार्थ्यांस मात्र तें सांगावें लागतें. आणि तें ऐकतांना त्यांच्या मुद्रेवर, आजोबांनीं बैलगाडीच्या प्रवासाचें वर्णन करावें तेव्हां जो आदरयुक्त अविश्वास उमटतो, तोच उमटतो.

सन 2000 च्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांनीं, आणि त्यांवर 18 जुलै 2005 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दिलेल्या निर्णयानें, रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई झाली. वर्षांतून फार तर पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार सरकारास आहे. परंतु हे पंधरा दिवस गणेशोत्सव, नवरात्र इत्यादि साऱ्या सणांत वांटले जावयाचे, तेव्हां संगीताच्या वांट्यास येणार तें एखाददुसऱ्या रात्रीचे दोन तास. म्हणून महोत्सव तीन रात्रींऐवजीं पांच दिवसांचा झाला. दुपारीं तीनच्या सुमारास स्वर लागतो, आणि दहाचा ठोका पडण्याच्या आंत तंबोरे गवसणींत जातात. शनिवारीं काय ती मध्यरात्रीपर्यंत मोकळीक मिळते.

आतां यांत गेलें काय तें पाहूं. शास्त्रज्ञांनीं, विशेषतः भातखंड्यांनीं, रागांची जी वेळवार मांडणी करून ठेविली आहे तीप्रमाणें रात्रीच्या उत्तरार्धांत मालकंस, दरबारी, अडाणा, शहाणा हे राग येतात. रात्र उतरूं लागली कीं सोहनी, मग परज, ललत, भटियार. आणि उजाडल्यावर रामकली, भैरव, तोडी. आपल्या संगीतांतील गंभीर रागांचा अर्धा संसार या यादींत आहे. मैफल दहाला उठली कीं हा संसार दाराबाहेर राहतो. दरबारी, मालकंस यांस साडेआठ-नऊला उभें करण्यांत येतें, ही गोष्ट खरी. पण ललत कोणी रात्रीं नवाला गात नाहीं, आणि तोडीला तर त्या मंडपांत जागाच उरलेली नाहीं.

नुकसानीबरोबर लाभही सांगितला पाहिजे, नाहीं तर आमची तक्रार म्हणजे केवळ गतकालाचें रडगाणें ठरेल. रात्रीच्या बैठकींत मुलतानी, पटदीप, मधुवंती यांस वावच नव्हता. मारवा आणि श्री हे तर सूर्यास्ताचे राग. रात्रीं जेवून मैफलीस येणाऱ्यांच्या कानीं ते पडावे कसे? आज डिसेंबरांतले पांच सूर्यास्त मंडपांत सांपडतात, आणि शेवटच्या दिवशीं दुपारीं बारालाच आरंभ होत असल्यामुळें शुद्ध सारंग, गौड सारंग यांचेंही दर्शन घडतें. या रागांची ओळख नव्या श्रोत्यांस झाली ती या नव्या वेळापत्रकानेंच करून दिली, हें कबूल करण्यांत आम्हांस मुळींच संकोच वाटत नाहीं.

परंतु यावर कोणी असें म्हणेल कीं, वेळेचें हें बंधनच मुळीं कृत्रिम आहे. मग दरबारी चारला गाइली म्हणून काय बिघडलें? हा आक्षेप हलका नाहीं. कर्नाटक संगीताच्या मैफलींत वेळेचा असा कडक नियम पाळीत नाहींत, आणि तेथील राग त्यामुळें निस्तेज झाले आहेत असें कोणी म्हणणार नाहीं. खुद्द या महोत्सवाचा समारोप ज्यांनीं अनेक वर्षें केला, त्या प्रभाताई अत्रे (त्या 2024 च्या जानेवारींत आपणांतून गेल्या) यांनींही रागसमयाच्या रूढ कल्पनेविषयीं मोकळेपणानें शंका उपस्थित केली होती. आपल्या घरांतीलच दाखला घ्यावयाचा तर भूप हा शास्त्रानें रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग. पण देवाला जागें करण्यासाठीं मराठी माणूस जी म्हणतो तिचें नांव भूपाळी, आणि ती पहाटेची. शास्त्र एकीकडे, माजघर दुसरीकडे, आणि इतक्या पिढ्यांत कोणाचेंच कांहीं अडलें नाहीं.

तेव्हां अमक्या स्वरांत अमक्या वेळेचा गुण निसर्गतःच भरला आहे, हें मत आम्हीही मान्य करीत नाहीं. परंतु संकेत म्हणजे निरर्थक गोष्ट, हें मात्र आम्हांस मान्य नाहीं. भूप आणि देसकार यांचे स्वर तेच पांच आहेत. एकांत गंधारावर भर, दुसऱ्यांत धैवतावर. एक संध्याकाळ उलटल्यावरचा, दुसरा सकाळचा. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचेंही तसेंच. एकाच स्वरसमूहाचीं हीं तीन भावंडें. मारवा दिवेलागणीस षड्जाला टाळीत टाळीत अस्वस्थ हिंडतो. पूरिया मंद्रांत बैठक मारून बसतो. आणि सोहनी तार षड्जाच्या आसपास, रात्र संपत आल्याच्या जाणिवेनें, थोड्या वेळांत पुष्कळ बोलून जाते. या तिघांस निराळें ओळखावयास श्रोता स्वरांचीं स्थानें मोजीत बसत नाहीं. चाल, ठेहराव आणि वेळ या तिहींच्या मिळून झालेल्या संस्कारावरून तो त्यांस ओळखतो. वेळ वजा केली तर राग मरत नाहीं. पण त्याच्या ओळखीची एक खूण पुसली जाते. आणि पहिलीं दोन भावंडें वर्षोवर्ष कानांवर पडून तिसरें क्वचितच पडूं लागलें, तर दहावीस वर्षांनीं तिसऱ्याचा विस्तार करणारे गवईही विरळ होतात. ऐकणारा नसेल तें कोण घोटून ठेवणार ? आमची खरी चिंता ही आहे. शास्त्रनियम मोडल्याचें दुःख आम्हांस फारसें नाहीं. हिंदुस्थानी संगीताचा सार्वजनिक संग्रहच एका बाजूनें झिजत आहे, याचें आहे.

आणखी एक गोष्ट येथेंच नोंदली पाहिजे. मुदत संपली कीं मैफल संपलीच पाहिजे अशा व्यवस्थेंत प्रत्येक कलावंतास साधारण तासाभराचा अवकाश मिळतो. मुलतानीस तो कदाचित् पुरेल. दरबारीस पुरत नाहीं. तिचा आंदोलित गंधार मंद्राच्या तळाशीं नीट बसेपर्यंतच निम्मा वेळ जावयास हवा; पण गवयाची एक दृष्टि समोरच्या घड्याळाकडे असते, आणि तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटास द्रुत बंदिश सुरू होऊन तानांचा वर्षाव होतो. टाळ्या पडतात. गाणें वाईट नसतें. तें दरबारीचें मात्र नसतें.

या साऱ्याचा दोष कायद्याच्या माथीं मारण्याची आपल्याकडे रूढि पडली आहे. आम्हांस ती अन्यायाची वाटते. रात्रींच्या गोंगाटानें आजाऱ्यांचे, वृद्धांचे, परीक्षार्थींचे जे हाल होतात ते ज्यांनीं पाहिले आहेत, ते या निर्णयास नांवें ठेवणार नाहींत. आणि गाण्यापुरता अपवाद करा म्हटलें तर कर्ण्यांची भिंत उभारणारा प्रत्येक जण आपल्या गोंगाटास गाणेंच म्हणेल. शिवाय नियम नीट वाचला तर त्यांत असें आढळतें कीं, बंदिस्त सभागृहांत, सभागृहापुरता ध्वनिवर्धक लावण्यास ही मनाई लागूच नाहीं. आणि ध्वनिवर्धकावांचून गाण्यास तर कोणत्याच कायद्यानें, कोणत्याच प्रहरीं, बंदी केलेली नाहीं. मग शहरांत इतकीं सभागृहें असतां त्यांत रात्रीच्या मैफली कां होत नाहींत ?

कारण सरळ आहे. ध्वनिक्षेपक आला म्हणून हजारों श्रोते एकत्र बसूं शकले. हजारों जमूं लागले म्हणून पटांगण लागलें. आणि पटांगणांत कर्णे लागले म्हणून गाणें कायद्याच्या कक्षेंत आलें. करीम खांसाहेबांच्या पिढीनें आपली उमेदीचीं वर्षें वाड्यांच्या दिवाणखान्यांत, दरबारांत आणि नाटकगृहांत, केवळ गळ्याच्या बळावर गाइलीं. आणि खांसाहेबांचा आवाज तर किती नाजूक! आपण मात्र मोठ्या मेळ्यासच मैफल समजूं लागलों, आणि तो मेळा रात्रींचा भरत नाहीं म्हटल्यावर रात्रच सोडून दिली. संगीत नाटकाच्या बाबतींत हेंच यापूर्वीं एकदां घडून गेलें आहे. रात्रीं उशिरापर्यंत रंगणारीं तीं नाटकें तीन तासांत बसविलीं गेलीं तेव्हां कोणत्याही न्यायालयानें निर्णय दिलेला नव्हता. सिनेमा आला होता, आणि दुसऱ्या दिवशीं कचेरी होती.

महोत्सवाच्या शेवटीं सवाई गंधर्वांच्या भैरवींतील ठुमरीची ध्वनिमुद्रिका लावण्याचा प्रघात आहे. आपल्या साऱ्या वेळापत्रकांतून सुटलेली अशी भैरवी ही एकच. मूळची सकाळची, परंतु समारोपास केव्हांही चालणारी. पूर्वीं ती लागे तेव्हां बाहेर फटफटलेलें असे. आतां ती रात्रीं दहाच्या सुमारास लागते, लोक स्तब्ध होऊन ऐकतात, आणि लगोलग आपापलीं वाहनें शोधावयास जातात. यांत वावगें कांहींच नाहीं.

पण शिवाजीनगरास सवाई गंधर्व स्मारक आहे. महोत्सवाच्या दिवसांत तेथें 'षड्ज' या नांवाखालीं कलावंतांवरील चित्रपट दाखविले जातात, व 'अंतरंग'मध्यें त्यांच्या मुलाखती होतात. तेथें, किंवा दुसऱ्या एखाद्या बंद दाराच्या लहान सभागृहांत, महिन्यांतली एक रात्र राखून ठेवावी. श्रोते शेंदीडशें, तेही सोडत काढून. ध्वनिवर्धक नको, हवाच असेल तर अगदीं बेताचा. गवई तीनच, प्रत्येकास पाहिजे तितका वेळ. पहिली बैठक अकरानंतर सुरू व्हावी, आणि शेवटचा ललत खिडकींतून उजेड दिसेपर्यंत चालावा. मुकुंदनगरच्या मंडपावर जो खर्च होतो त्याच्या अल्पांशांत हें सहज साधेल. असा कार्यक्रम जाहीर झाला तर सोडतीसाठीं पहिलें नांव आम्ही देऊं. मात्र तो शनिवारीं असावा, कारण इतर दिवशीं सकाळीं साडेसातला आमचा तास असतो, आणि ललत ऐकून आलेल्या माणसानें त्या वेळीं मिल्टन शिकवावा ही अपेक्षा मिल्टनवर अन्याय करणारी आहे.