किल डेव्हिल हिल्स येथील राइट-स्मारक : स्थळनिश्चय व साधनचिकित्सा

ऐतिहासिक स्थळीं उभारलेलें स्मारक हें इतिहासाचें साधन मानावें कीं केवळ इतिहासाचें मंडन, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारिला जात नाहीं. ताम्रपट हातीं आला म्हणजे आपण त्याचें लिपिवळण पाहतों, तिथिवारांचा मेळ घालतों, दात्याची वंशावळ इतर लेखांशीं ताडून पाहतों. पोथी असेल तर पुष्पिका, कागद, शाई व लेखकाचा हात यांची छाननी करतों. परंतु स्तंभ किंवा पुतळा समोर आला कीं ही सारी चिकित्सा बाजूस राहते आणि आपण हात जोडून माघारीं फिरतों. वस्तुतः स्मारक हाही एक लेखच होय. तो दगडांत लिहिलेला असतो आणि बहुधा मूळ घटनेनंतर बऱ्याच वर्षांनीं लिहिलेला असतो, इतकाच काय तो भेद. या दृष्टीनें विमानविद्येच्या इतिहासांतील एका विख्यात स्मारकोद्यानाचें परीक्षण प्रस्तुत लेखांत करावयाचें आहे. आणि त्यांतून निघणारी कसोटी आपल्या मुंबईंतील एका लोकप्रिय कथेसही लावून पाहावयाची आहे.

हें उद्यान अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं उत्तर कॅरोलायना संस्थानांत, अटलांटिक महासागराच्या कांठीं, किल डेव्हिल हिल्स या गांवीं आहे. विल्बर व ऑर्व्हिल राइट या बंधूंनीं इंजिनाच्या बळावर चालणारें, हवेहून जड असें यंत्र माणसासह ताब्यांत ठेवून येथेंच १७ डिसेंबर १९०३ रोजीं उडविलें. १९२७ सालीं अमेरिकेच्या काँग्रेसनें स्मारकाचा कायदा केला; १९२८ सालीं, उड्डाणास पंचवीस वर्षें पुरीं झालीं त्या दिवशीं, कोनशिला बसली; आणि १९ नोव्हेंबर १९३२ रोजीं ऑर्व्हिलच्या समक्ष स्तंभाचें उद्घाटन झालें. विल्बर १९१२ सालींच वारला होता. सुमारें ९० फूट उंचीच्या वाळूच्या टेकडीवर ६० फूट उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ उभा आहे. खालीं सपाटीवर एक मोठा धोंडा, त्यापुढें एका ओळींत चार खुणेचे दगड आणि बंधूंच्या लांकडी झोंपड्यांच्या नव्यानें बांधलेल्या प्रतिकृति आहेत. मूळ यंत्र येथें नाहीं. तें वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहे. हें सर्व स्थळ प्रस्तुत लेखकानें पायीं हिंडून पाहिलें आहे.

प्रथम स्तंभाचा विचार करूं. दुरून दृष्टि जाते ती त्याच्याकडेच. ज्यास अधिक माहिती नाहीं तो प्रेक्षक सहजच असें समजेल कीं यंत्र या टेकडीच्या माथ्यावरून झेपावलें. वस्तुस्थिति याच्या उलट आहे. टेकडीचा उपयोग राइट बंधूंनीं मुख्यतः इंजिन नसलेल्या ग्लायडरांच्या प्रयोगांसाठीं केला. एकट्या १९०२ सालीं त्यांनीं असे सातशें ते हजार प्रयोग केले. १७ डिसेंबरचें उड्डाण मात्र सपाट जमिनीवर घातलेल्या ६० फूट लांबीच्या रुळावरून, वाऱ्यास तोंड देऊन झालें. हा भेद क्षुल्लक नव्हे. उंचावरून खालीं येणारें यंत्र स्वतःच्या बळानें उडालें कीं उताराच्या बळानें, हें सांगणें कठीण. सपाटीवरून उठून तितक्याच उंचीच्या जमिनीवर उतरणारें यंत्र ही शंका ठेवीत नाहीं. तीन दिवस आधीं, १४ डिसेंबरला, टेकडीच्या उतारावर रूळ घालून विल्बरनें एक प्रयत्न केला होता. यंत्र साडेतीन सेकंद हवेंत राहून वाळूंत आदळलें. त्या प्रयत्नास बंधूंनीं स्वतःच उड्डाण म्हटलें नाहीं. जो भेद कर्त्यांनीं इतक्या कसोशीनें पाळला, तोच स्मारकाच्या सर्वांत उंच दगडानें पुसट केला आहे.

दुसरा आक्षेप याहून चमत्कारिक आहे. ही टेकडी म्हणजे वाऱ्यानें सरकणारी वाळू. १९०३ पासून स्मारकाचें काम निघेपर्यंत ती मूळ जागेपासून कांहीं शें फूट सरकली होती. स्तंभ उभारण्यापूर्वीं तिजवर गवत लावून तिला स्थिर करावें लागलें. तेव्हां स्तंभ ज्या टेकडीवर आहे ती नांवानें तीच, जागेनें मात्र ती नव्हे. एखाद्या गांवाची वस्ती नदीच्या पुरामुळें हलावी आणि जुन्या सनदेंतील चतुःसीमा नव्या गांवठाणास लावाव्या, तसा हा प्रकार झाला.

आतां खालच्या धोंड्याकडे वळूं. तो १९२८ सालीं बसविला. उड्डाणाच्या वेळीं बंधूंखेरीज पांच माणसें हजर होतीं. त्यांपैकीं तिघांनीं पंचवीस वर्षांनंतर प्रत्यक्ष जागेवर येऊन यंत्र कोठून सुटलें तें दाखविलें. पंचवीस वर्षांची स्मृति आणि हलती वाळू या दोहोंमुळें कांहीं फुटांचा संशय घेण्यास जागा आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु या दगडाचें महत्त्व असें कीं त्याचें म्हणणें तपासून पाहतां येतें. त्यापुढील चार दगड त्या दिवसाच्या चार उड्डाणांचे आहेत. पहिलें ऑर्व्हिलचें, १२ सेकंद व १२० फूट. दुसरें विल्बरचें, सुमारें १७५ फूट. तिसरें पुन्हां ऑर्व्हिलचें, सुमारें २०० फूट. चौथें विल्बरचें, ५९ सेकंद व ८५२ फूट. पहिले तीन दगड ओलांडावयास दोन मिनिटेंही लागत नाहींत. चौथा मात्र बराच दूर आहे. एवढ्या मोठ्या कीर्तीचें मूळ उड्डाण केवळ १२० फुटांचें होतें, हें येथें लपविलेलें नाहीं. गौरवासाठीं एक फूटही वाढविलेला नाहीं. या उद्यानांतील सर्वांत विश्वसनीय लेख म्हणून प्रस्तुत लेखक या बुटक्या दगडांकडेच बोट दाखवील.

या दगडांच्या पाठीशीं जीं कागदपत्रें आहेत तीं संग्राहकांनीं मुद्दाम लक्षांत घेण्याजोगीं आहेत. पहिलें साधन ऑर्व्हिलची त्या दिवसाची रोजनिशी. दुसरें, छायाचित्र. ऑर्व्हिलनें कॅमेरा तिवईवर आधींच रोखून ठेविला होता. जॉन डॅनियल्स नांवाच्या हजर असलेल्या गृहस्थानें नेमक्या क्षणीं रबरी चेंडू दाबला. यंत्र रूळ सोडून अधांतरीं आहे आणि विल्बर बाजूस उभा आहे, असें त्यांत स्पष्ट दिसतें. १९१३ सालीं डेटन शहरीं महापूर आला तेव्हां ही कांच पाण्यांत सांपडली व तिचा एक कोपरा गेला. तरीही मुख्य भाग शाबूत राहिला. कसर व ओल यांतून वांचलेल्या पोथ्या ज्यांनीं हाताळल्या आहेत त्यांना या कोपऱ्याचें मोल सांगावयास नको.

तिसरें साधन, त्याच दिवशीं किटी हॉक येथून पित्यास केलेली तार. किटी हॉक हें कांहीं मैलांवरील निराळें गांव. पण तार तेथून सुटल्यामुळें उड्डाणास जगभर त्याच गांवाचें नांव चिकटलें. दप्तरांत पत्र जेथें लिहिलें त्या मुक्कामास घटनेचें स्थळ समजण्याची जी चूक आपल्याकडे होते, तिचाच हा मासला. शिवाय तारेंत ५९ सेकंदांचे ५७ झाले आणि ऑर्व्हिलच्या नांवाची अक्षरें बिघडलीं. हे लेखकदोष तारमास्तरांच्या हातचे. पण त्यांमुळें तार अप्रमाण ठरत नाहीं. रोजनिशीशीं ताडल्यावर शुद्ध पाठ निश्चित होतो, आणि दोन स्वतंत्र साधनांमधील असा किरकोळ पाठभेद हा उलट दोन्ही अस्सल असल्याचाच पुरावा होय.

चौथें साधन वृत्तपत्राचें. आणि तेंच सर्वांत कच्चें. नॉरफॉक येथील व्हर्जिनियन-पायलट पत्रानें दुसऱ्याच दिवशीं बातमी छापिली, तींत यंत्र तीन मैल उडाल्याचें म्हटलें होतें. म्हणजे ८५२ फुटांचे एका रात्रींत तीन मैल झाले. समकालीन छापील मजकूर म्हणजे सत्य, असा ज्यांचा समज आहे त्यांनीं हें उदाहरण ध्यानांत ठेवावें.

साधनांच्या बळावर मोठ्या संस्थेसही आपलें म्हणणें परत घ्यावें लागतें, हेंही या प्रकरणांत दिसून आलें. स्मिथसोनियन संस्थेचे कार्यवाह लँग्ली यांचें विमान १९०३ च्या ऑक्टोबर व डिसेंबर महिन्यांत दोनदां पोटोमॅक नदींत कोसळलें होतें. १९१४ सालीं ग्लेन कर्टिस यानें त्यांत फेरफार करून तें थोडेंसें उडविलें, आणि माणसास घेऊन उडण्यास समर्थ असें पहिलें विमान हेंच, असा फलक संस्थेनें लाविला. रागावून ऑर्व्हिलनें १९०३ चें मूळ यंत्र १९२८ सालीं लंडनच्या सायन्स म्यूझियमकडे पाठविलें. १९४२ सालीं संस्थेनें ते फेरफार प्रसिद्ध करून आपला दावा मागें घेतला व १९४८ सालीं यंत्र स्वदेशीं परतलें. मात्र परत देतांना वारसांनीं असा करार करून घेतला कीं राइट यंत्रापूर्वीं दुसरें कोणतेंही यंत्र उडाल्याचें संस्थेनें म्हणतां कामा नये. सत्य ज्याच्या पक्षास आहे त्यानें असें कुलूप लावावें हें शोभत नाहीं. जेथें पुरावा पुरेसा आहे तेथें करार निरुपयोगी, आणि जेथें पुरावा अपुरा आहे तेथें करार निष्फळ.

हीच कसोटी आतां घरच्या कथेस लावूं. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे, कलाशाळेंतील शिक्षक आणि संस्कृताचे व विमानविद्येचे नादी गृहस्थ, यांनीं १८९५ सालीं गिरगांव चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नांवाचें मनुष्यविरहित विमान पंधराशें फुटांपर्यंत उडविलें, आणि तें पाहण्यास सयाजीराव महाराज गायकवाड व न्यायमूर्ति रानडे हजर होते, असें सांगतात. नांव मोठें सुरेख आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांत तें सरस्वतीचें विशेषण म्हणून आलें आहे. परंतु नांवाच्या सौंदर्यानें घटना सिद्ध होत नाहीं. या उड्डाणाची त्या वेळची रोजनिशी नाहीं, छायाचित्र नाहीं, मोजमापाचा कागद नाहीं, हजर असलेल्यांपैकीं कोणाची सहीनिशी साक्ष नाहीं. वृत्तपत्रांत हकीकत आली होती असें म्हणतात. पण तारीखवार अंक पुढें ठेविला जात नाहीं. उद्यां तसा अंक सांपडला तरी व्हर्जिनियन-पायलटचें उदाहरण पाहतां त्यावरून चौकशीस आरंभ होईल. तेवढ्यानें निर्णय होणार नाहीं.

या कथेच्या समर्थनार्थ ‘वैमानिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथ पुढें केला जातो व तो भरद्वाज ऋषींच्या नांवावर घातला जातो. हा ग्रंथ पंडित सुब्बराय शास्त्री यांनीं १९१८ ते १९२३ या काळांत तोंडानें सांगितला व दुसऱ्यानें लिहून घेतला. त्यास प्राचीन मातृका नाहीं. जो मजकूर चौपाटीच्या कथित उड्डाणानंतर वीस वर्षांहून अधिक काळानें कागदावर उतरला, तो त्या उड्डाणाचा पुरावा कसा व्हावा? बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच विद्वानांनीं १९७४ सालीं त्याचें परीक्षण केलें. भाषा अर्वाचीन, ग्रंथ १९०४ पूर्वींचा नव्हे, आणि वर्णिलेलीं विमानें उडण्यास असमर्थ, असा त्यांचा निष्कर्ष आहे. भाषेपुरतें प्रस्तुत लेखकही स्वतःच्या वाचनावरून तेंच म्हणेल. त्यांतील अनुष्टुभ आजच्या पाठशाळेंतील विद्यार्थ्यानें रचावे तसे आहेत; आर्ष प्रयोगांचा त्यांत वासही नाहीं. असें असतां २०१५ सालीं मुंबईंत भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या अधिवेशनांत याच ग्रंथाच्या आधारें प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला. संस्कृताच्या अभिमानानें हें होतें असें म्हणतात. पण बनावट ताम्रपट खरा म्हणून मिरविल्यानें राजवंशाची कीर्ति वाढत नाहीं, उलट त्याच्या खऱ्या ताम्रपटांसही संशयाचा डाग लागतो.

हें लिहिण्यांत तळपद्यांची अवहेलना नाहीं. एका शिक्षकानें स्वतःच्या मिळकतींत विमानाचें स्वप्न पाहावें, हें आदरास पात्रच आहे. पण स्वप्नाचा आदर वेगळा आणि उड्डाणाचा दगड वेगळा. १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध झाली, तेव्हां बखरींनीं रूढ केलेला शिवछत्रपतींचा जन्मकाल सोडून शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया स्वीकारण्याचें धैर्य आपल्या पूर्वसूरींनीं दाखविलें. प्रत्यक्ष छत्रपतींच्या बाबतींत जी शिस्त पाळली ती चौपाटीच्या बाबतींत सोडण्याचें कारण नाहीं.

म्हणून संग्राहकांस एवढीच विनंति आहे : आपापल्या दप्तरांत १८९५ च्या आसपासचीं मुंबईकडील खासगी पत्रें, हस्तपत्रकें, कारागिरांच्या पावत्या, कच्चे नकाशे किंवा वृत्तपत्रांचे सुटे अंक असतील, तर ते या दृष्टीनें एकवार चाळावेत, आणि कांहीं आढळल्यास मूळ कागदासह मंडळापुढें ठेवावें. अनुकूल निघालें तर चौपाटीवर पहिला दगड आपणच बसवूं. तो मात्र खालच्या सपाटीवर, मोजून आणि साक्षीदारांच्या सह्या घेऊन बसवावा लागेल.