न्यायसहायक विज्ञान आणि नमुन्याचा ताबा : चिंचोळी व पुणे येथील दोन प्रकरणांच्या संदर्भात

गुन्ह्याच्या तपासात आणल्या जाणाऱ्या अडथळ्यांवर न्यायसहायक विज्ञानाने मात केली आहे, असे विधान आपल्याकडील परिसंवादांतून सर्रास केले जाते. ते अर्धेच खरे आहे. यंत्र नमुन्याचे पृथक्करण करते. तो नमुना कोणाचा, हे मात्र बाटलीवरील चिठ्ठी सांगते. ही चिठ्ठी कोण लिहितो, हा प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतला आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी सोलापूरनजीकच्या चिंचोळी एमआयडीसीतील कारखान्यावर छापा घालून मेफेड्रोन जप्त केले. रसायनांची पिंपे, पांढरी भुकटी, उग्र दर्प यांपैकी काहीही औद्योगिक वसाहतीत एरवी संशयास्पद वाटत नाही. अशा प्रकरणात पंच उलटला तरी गॅस क्रोमॅटोग्राफी-मास स्पेक्ट्रोमेट्रीने पदार्थाची ओळख पटते. शिवाय अमली पदार्थांच्या कायद्यात नमुन्याची राखण आहे. कलम ५२-अ, त्यावरील मोहनलाल खटल्याचा २०१६ चा निकाल आणि २०२२ चे नियम यांनुसार नमुने दंडाधिकाऱ्यांसमक्ष व दोन प्रतींत घ्यावे लागतात. मेफेड्रोनचे व्यापारी प्रमाण अवघे ५० ग्रॅम असल्याने ही दक्षता अनाठायी म्हणता येणार नाही.

रक्ताच्या नमुन्याला असे संरक्षण नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्यातील कल्याणीनगर येथे पहाटे अडीचच्या सुमारास भरधाव मोटारीने दोघांचा बळी घेतला. अल्पवयीन चालकाचे रक्त सकाळी ससून रुग्णालयात घेण्यात आले. ते बदलून त्याच्या आईचे रक्त ठेवण्यात आले, असा पोलिसांचा आरोप आहे. संशयावरून अन्य रुग्णालयात दुसरा नमुना घेण्यात आला होता. डीएनए तपासणीत दोन्ही जुळले नाहीत आणि २७ मे रोजी दोन डॉक्टरांना अटक झाली. या प्रसंगाचे 'विज्ञानाचा विजय' असे वर्णन झाले. प्रस्तुत लेखकाला ते मान्य नाही. डीएनएने अदलाबदल उघड केली, परंतु रक्तातील मद्यांश तासागणिक घटत जातो. तो पुरावा परत मिळवण्याचे सामर्थ्य कोणत्याही प्रयोगशाळेत नाही. आणि दुसरा नमुना घेतला गेला, तो कायद्याने भाग पाडले म्हणून नव्हे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) चे स्वागत झाले, ते योग्यच. सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे त्यात बंधनकारक केले आहे (राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे). परंतु निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली शिक्षा कमाल पाच वर्षे. म्हणजे पुण्यासारख्या अपघाताची नोंद प्रथमतः या कलमाखाली झाली, तर तज्ज्ञाचे येणे अनिवार्य ठरत नाही. पहिल्या काही तासांत कोणते कलम लावावे हे ठाण्यातच ठरते, आणि दबावही तेथेच येतो. भुकटीला लागू असलेला दुहेरी नमुन्याचा नियम रक्तालाही लावावा, दुसरी बाटली स्वतंत्र यंत्रणेच्या ताब्यात राहावी, एवढी दुरुस्ती नवीन यंत्रसामग्रीच्या खरेदीपूर्वी करता येण्याजोगी आहे.