‘आजारपण हाच निकष’ : एका निबंधातली न बोललेली अट

मंडळी, आज एक जुना निबंध हातात घेऊ. बर्नार्ड विल्यम्स या इंग्रज तत्त्वज्ञाचा, 1962 सालचा, समतेच्या कल्पनेवरचा. त्याचं म्हणणं असं, की औषधोपचार कुणाला द्यायचे याचा योग्य आधार एकच, आजारपण. आजार सारखा असून केवळ पैशापायी एकाला उपचार मिळतात नि दुसऱ्याला मिळत नाहीत, ही स्थिती तर्काला धरून नाही. आम्ही हे वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं आणि त्यात काही उणं आहे असं, खरं सांगतो, कधी वाटलं नाही.

उणं दिसलं ते इथे, मोताळ्यात बसून वाचताना.

हृदयात जन्मजात दोष असलेलं मूल शंभरात साधारण एक. पैशाची अडचण म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया बसतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं 2013 पासून अंगणवाडीत, शाळेत येऊन तपासतात. म्हणजे विल्यम्सचा आक्षेप बराचसा मिटला. पण कापूस वेचायला आईबापांबरोबर गावोगाव फिरणारं, पालावरचं पोर त्या दिवशी हजेरीपटावरच नसतं. त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लागत नाही, म्हणून ते ‘आजारी’ ठरत नाही. योजनेला कागदपत्रं लागतात, तो आणखी एक उंबरठा.

आणि ठरवणारी नजर तरी निर्मळ असते का? मूल ‘निळं’ पडतं असं पुस्तकात असतं; काळ्यासावळ्या कातडीवर ते निळेपण चटकन दिसत नाही, जीभ नि ओठांची आतली बाजू बघावी लागते. बोटाला लावायचं ऑक्सिमीटरसुद्धा कातडीचा रंग ओळखतं! अमेरिकेतल्या 2020 च्या एका अभ्यासात, यंत्राने ऑक्सिजन ठीक दाखवूनही तो प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघालं. आपण त्या प्रश्नाच्या बाहेर आहोत असं समजायचं कारण नाही.

एक सुशिक्षित गृहस्थ आम्हाला म्हणाले, ‘सर, या लोकांना पोरांची काळजीच नसते.’ या लोकांना! मलकापूरहून गाडी धरून नागपूर नाहीतर मुंबई, पंधरा दिवसांची मजुरी बुडालेली, मागे दोन लेकरं शेजारणीकडे. ऑपरेशन फुकट आहे, हे पंधरा दिवस फुकट नाहीत. मुलीच्या बाबतीत घरचंही पारडं झुकतं, ते नाकारून चालणार नाही. दिल्लीच्या एम्समधल्या 2011 च्या अभ्यासात मुलींवर शस्त्रक्रिया होण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच कमी आढळलं.

विल्यम्सला दोष फार देता येत नाही. त्याच्या देशात 1948 पासून राष्ट्रीय आरोग्य सेवा होती, प्रत्येक घराला ठरलेला डॉक्टर होता. रोगी कोण हे त्याला आयतं मिळालं. आपल्याकडे वेचणीच्या दिवसांत पथकाने संध्याकाळी पालावर जायचं की सकाळी शाळेत, हे वेळापत्रकच कुणाचं आजारपण मोजलं जाणार ते ठरवतं. आम्ही तो निबंध शिकवताना वेळापत्रकाबद्दल एक शब्द काढला नव्हता.