दीपस्तंभ आणि आपली लेखणी

सत्काराच्या सभेत उत्सवमूर्तीला ‘दीपस्तंभ’ म्हटल्यावाचून आपल्याकडे भाषण संपत नाही. मृत्युलेखाचेही तेच. या पापात मीही वाटेकरी आहे. माझ्या पहिल्या कादंबरीत नायिकेच्या वडिलांना मी तीन वेळा दीपस्तंभ केले आहे, आणि तिन्ही वेळा माणसे त्यांच्याकडे धाव घेतात. हौसेने हा उतारा एकदा वर्गात वाचून दाखविला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक कोळ्याचा पोरगा म्हणाला, “गुरुजी, बत्तीकडे होडी नेली तर खडकावर फुटंल ना!” वर्ग हसला. मी पान उलटले.

पण पोरगा खरे बोलला होता. मुंबई बंदराच्या तोंडाशी पाहा. ज्या खांदेरी बेटावर शिवाजी महाराजांनी १६७९ साली किल्ला बांधावयास घेतला, तेथे १८६७ पासून दिवा आहे. कुलाब्याच्या टोकापुढच्या खडकावर प्राँग्सचा दिवा १८७५ चा. मुंबई आणि न्हावाशेवा या दोन बंदरांची जहाजे याच पाण्यातून ये-जा करतात. हे दिवे कोणालाही ‘ये’ म्हणत नाहीत. प्रत्येकाची उघडझाप निराळी. खलाशी ती मोजतो, नकाशाशी ताडतो आणि दिवा ओळखतो. त्यातही एका दिव्यावरून फक्त दिशा कळते. दोन दिव्यांच्या दिशा घेऊन नकाशावर रेघा ओढल्या, की त्या जिथे छेदतील तिथे आपले जहाज! आता उपग्रहही जागा सांगतात, ते असो. पण एकाच थोर पुरुषाला दीपस्तंभ म्हणून त्याच्या पायाशी बसणाऱ्या आपल्या चरित्रकारांनी ही दुसरी रेघ कधी ओढली आहे काय?

परदेशी लेखकांनी दीपगृह अधिक डोळसपणे पाहिले. व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२७ च्या कादंबरीतील मुलाला लहानपणी ते धुक्यातले, रुपेरी दिसते; पुढे मोठेपणी होडीतून जवळ जातो तेव्हा खडकांवर वाळत घातलेले कपडे दिसतात. मला ते कपडे फार आवडले. आपल्या दीपस्तंभात कोणी राहत असेल, हे आपल्या मनातही येत नाही.

परंतु माझी खरी आवडती गोष्ट पोलिश कथाकार शेंक्येविच यांची, १८८१ ची. पनामाच्या किनाऱ्यावरील आस्पिनवॉल, म्हणजे आजचे कोलोन. तेथे सत्तरीचा एक निर्वासित म्हातारा दीपगृहाचा रखवालदार होतो. जन्मभर देशोदेशी लढला, भटकला; आता विसावा मिळाला. न्यूयॉर्कच्या पोलिश मंडळाला त्याने पगारातून देणगी धाडलेली, म्हणून एके दिवशी पुस्तकांचे पार्सल येते. मिक्येविचचे काव्य. चाळीस वर्षांनी आपली भाषा डोळ्यांपुढे! म्हातारा वाचतो, रडतो, तिथेच झोपी जातो. रात्री दिवा लागत नाही. एक नाव वाळूत रुतते, आणि म्हाताऱ्याची नोकरी जाते.

भाषेचा शिक्षक या नात्याने ही गोष्ट वाचताना माझा गळा दाटून येतो, हे कबूल करतो. तरी एक गोष्ट खटकते. नावेतले कोणीही बुडत नाही. लेखकाने म्हाताऱ्याला थोडक्यात सोडविले आहे. एक जरी खलाशी बुडता, तर देशप्रेमाने ओलावलेले आपले डोळे त्या प्रेताकडे कसे वळले असते? शेंक्येविच तिथवर जात नाहीत. पण नोकरी मात्र ते वाचवीत नाहीत, आणि तेवढ्यानेच ही कथा रडव्या देशभक्तीच्या कथांहून वेगळी पडते. अखेर म्हातारा न्यूयॉर्कच्या जहाजावर आहे, पुस्तक छातीशी धरून. पुन्हा भटकंती सुरू.

माझ्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा तिन्ही दीपस्तंभ काढून टाकावयाचे ठरविले आहे. प्रकाशक म्हणतात, पहिलीच अजून खपावयाची आहे.