दाराभोवतीची फट

कादंबरी फसली तर तिच्यावर दहा पानं लिहिणारे आपल्याकडे निघतात. नाटकाचा दुसरा अंक सैल पडला तर त्याचीही कारणमीमांसा होते. यंत्र फसलं की मात्र ते मेकॅनिककडे जातं आणि विषय तिथंच मिटतो. मोटारगाडी हीदेखील कुणीतरी विचार करून घडवलेली कृती आहे. तिला आशय आहे, रचना आहे, आणि वाचकाइतकाच भोळा किंवा चिकित्सक असा तिचा ग्राहकही आहे. म्हणून इथे एका गाडीची समीक्षा करायची आहे. ती पुण्यात बनली आणि तिचं नाव डीसी अवंती.

जानेवारी २०१२मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत अमिताभ बच्चन यांच्या उपस्थितीत अवंतीवरचा पडदा उठला. दिलीप छाब्रिया यांचं नाव तोवर घरोघरी पोचलं होतं. त्यांनी कॅलिफोर्नियात डिझाइनचं शिक्षण घेतलं, १९९३च्या सुमारास डीसी डिझाइन उभं केलं आणि साध्या गाड्यांचं रूप पालटून देणारा माणूस अशी ख्याती मिळवली. नटांच्या व्हॅनिटी व्हॅन आणि आतून दिवाणखाना केलेल्या इनोव्हा ही त्यांची ओळख. २००४च्या ‘टार्झन: द वंडर कार’मधली जांभळी गाडीही त्यांचीच, तिच्या आत टोयोटाची एमआर-टू होती. अवंती प्रत्यक्ष ग्राहकांच्या हाती पडू लागली ती २०१५मध्ये, सुमारे ३६ लाखांना. जाहिरात होती ‘भारताची पहिली स्पोर्ट्‌स कार’ अशी. त्याआधी नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरच्या अंगाची, दोन माणसांची, उघड्या टपाची गाडी बनत होती, हे त्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहिलं नाही. स्टॉर्मचं इंजिन अवघं १.२ लिटरचं, ताकद साठ अश्वशक्तीची. तिनं वचनही तेवढंच दिलं होतं.

डिसेंबर २०२०मध्ये छाब्रिया यांना मुंबई पोलिसांनी अटक केली. तेव्हापासून अवंतीचा विषय निघाला की गाड्यांच्या नोंदणीचे आणि कर्जाचे आरोप एवढंच बोललं जातं. तो न्यायालयाचा प्रांत आहे. पण त्या गदारोळात गाडीबद्दलचा खरा प्रश्न मागे पडला. सगळे कागद चोख असते, तरी ती गाडी म्हणून कशी होती?

सर्वांत जास्त ऐकू येणारा आक्षेप आधी बाजूला ठेवू, कारण तो चुकीचा आहे. ‘इंजिन रेनॉचं, मग यात भारतीय काय?’ उसनं इंजिन हे पाप नव्हे. मॅक्लारेन एफ-वनसारख्या गाडीनं बीएमडब्ल्यूचं इंजिन घेतलं. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या साध्या गाडीचं इंजिन आणि गिअरबॉक्स उचलून मागे, चालकाच्या पाठीशी बसवायचं, ही युक्तीसुद्धा जुनी आणि प्रामाणिक आहे. १९९६ची लोटस एलिस तशीच बनली. तिचं १.८ लिटरचं इंजिन रोव्हरच्या घरगुती गाड्यांमधलं, ताकद जेमतेम ११८ अश्वशक्ती. पण लोटसच्या इंजिनिअरांनी वाचवलेले पैसे आणि डोकं सांगाड्यात घातलं. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या त्यांनी वेल्ड न करता चिकटवून जोडल्या, आणि आख्खी गाडी सव्वासातशे किलोंच्या आसपास बसली.

अवंतीचं दोन लिटरचं टर्बो इंजिन २५० अश्वशक्तीचं, म्हणजे एलिसच्या दुपटीहून जास्त. गाडीचं वजनही दुपटीहून जास्त, साडेपंधराशे किलोंच्या वर. भागाकार केला तर दोघींच्या वाट्याला टनामागे साधारण १६० अश्वशक्ती येते. दुप्पट ताकद विकत घेतली आणि ती सगळी स्वतःचंच ओझं वाहण्यात गेली. आणखी बोचणारी गोष्ट म्हणजे हे इंजिन ज्या रेनॉ मेगान आरएसमध्ये बसायचं, ती पाच माणसांची पत्र्याची गाडी चौदाशे किलोंच्या आतबाहेर होती. दोन माणसांची, कार्बन काँपोझिटचं अंग मिरवणारी स्पोर्ट्‌स कार तिच्याहून जड निघाली. वजन हे सांगाड्याच्या गणितात घटतं, बाहेरचं कातडं भारी लावून घटत नाही.

ज्या पत्रकारांनी अवंती चालवून पाहिली, त्यांच्या तक्रारी बऱ्याच सारख्या होत्या. क्लच फार जड आहे, गिअर अडखळत पडतो, मागचं जवळजवळ काही दिसत नाही, आणि दारं नि पत्र्यांभोवतीच्या फटी एकसारख्या नाहीत. यातली एकही अडचण जगावेगळी नाही. इंजिन पाठीमागे गेलं की गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतची केबल लांबते आणि वळणं घेते. ती कुठून न्यायची, किती ताणायची, कुठे धरायची, याला उत्तरं आहेत. ती सापडतात नमुन्याच्या गाड्या महिनोन् महिने चालवून, मोडून, पुन्हा बांधून. नेमकं हेच काम चित्रात दिसत नाही, म्हणून आखडता हात पहिल्यांदा तिथेच घेतला जातो.

फटीचं मात्र वेगळं आहे. ‘दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं, त्यात काय?’ असं वाटू शकतं. पण दाराभोवतीची फट ही कारखान्याची सही असते. चारही बाजूंनी ती सारखी असेल तर त्याचा अर्थ सांगाडा प्रत्येक वेळी त्याच मापात जोडला गेला, दार त्याच साच्यातून त्याच मापाचं निघालं आणि बिजागरी त्याच जागी बसली. फट वाकडी असेल तर कुणा कारागिरानं ते दार घासून, रेटून, पुट्टी भरून त्याच एका गाडीला बसवलं आहे. अशा गाडीला उद्या ठोकर लागली तर नवं दार तिला बसेलच याची खात्री नाही. तिचा सुटा भाग म्हणजे पुन्हा एक कारागीर.

डीसीच्या घडणीची मर्यादा इथं कळते. व्हॅनिटी व्हॅन एकच करायची असते. सिनेमातली गाडी कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच करायची असते. एकदाच आणि देखणं करण्याचं कसब त्यांच्याकडे नक्की होतं. पण शंभरावी वस्तू पहिलीसारखीच काढणं ही वेगळी विद्या आहे. ती विद्या जाणणारे हजारो लोक त्याच पुण्यात, चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत रोज कामाला जातात.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे ‘आपल्याकडे जुगाडावरच चालतं’. आमच्या गंगाखेड भागात उसाच्या ट्रॉल्या वेल्डिंगच्या दुकानांत बनतात, त्यामुळे जुगाड आम्हाला शिकवायला नको. ट्रॉलीचा जोड ओबडधोबड असतो, पण उघडा असतो. घेणारा वाकून ॲक्सल बघतो, हूक हलवून बघतो. हंगामात चिरली तर त्याच दुकानात आणून पट्टी मारून घेतो. वस्तू, करणारा आणि वापरणारा एकमेकांसमोर असतात. अवंतीत तोच जोड चकचकीत रंगाखाली गेला आणि त्याची किंमत छत्तीस लाख झाली.

अर्थात ट्रॉलीचं गुणगान करायलाही नको. तिला मागे लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर नसतो, आणि रात्री रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीवर मागून दुचाकी आदळते. दिवा न लावणं हीसुद्धा काटकसरच. तिचा हिशेब ट्रॉलीवाला चुकता करत नाही, दुचाकीवरचा माणूस करतो. इंजिनिअरिंगमधल्या आडवाटेचा हाच स्वभाव आहे: वाचवणारा एक, भरणारा दुसरा.

मोठ्या कंपन्यांनाही हा मोह सुटत नाही. जनरल मोटर्सनं १९८४मध्ये पाँटिअॅक फिएरो आणली. पैसे वाचवण्यासाठी तिचं पुढचं सस्पेन्शन शेव्हेटचं आणि मागचं सायटेशनच्या पुढच्या बाजूचं घेतलं. पहिल्या वर्षीच्या गाड्यांत तेलाची पातळी उतरली की कनेक्टिंग रॉड तुटून तेल गरम भागांवर पडायचं आणि गाडी पेट घ्यायची. गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पुढे तिच्यासाठी स्वतंत्र सस्पेन्शन तयार झालं ते १९८८मध्ये, आणि त्याच वर्षी गाडी बंद झाली. पण अमेरिकेत फिएरोची चिरफाड पहिल्यापासून झाली, म्हणूनच ती सुधारली तरी. आपल्याकडे अवंतीच्या फटींबद्दल बोलणारा ‘आपल्या माणसाचे पाय ओढणारा’ ठरत होता. कायदाही ग्राहकाच्या मदतीला नव्हता. प्रवासी गाड्यांना समोरून आणि बाजूनं धडकेची चाचणी सक्तीची झाली ती ऑक्टोबर २०१७पासून, तीही आधी फक्त नव्या मॉडेलांना. तोवर अवंती रस्त्यावर येऊन दोन वर्षं झाली होती.

एक गोष्ट अवंतीच्या बाजूनं नोंदवायलाच हवी. तिचं पोट जमिनीपासून बरंच उंच ठेवलेलं होतं. इटालियन गाड्यांची कंबर मोडेल असे गतिरोधक ती न घासता ओलांडायची. म्हणजे हा रस्ता कुणीतरी डोळ्यांपुढे ठेवला होता, या देशाचा विचार त्या गाडीत कुठेतरी झाला होता. तोच विचार दारापर्यंत, क्लचपर्यंत, वजनाच्या काट्यापर्यंत गेला असता तर ‘भारतीय’ हे विशेषण तिला शोभलं असतं. पडदा उठला तेव्हा टाळ्या आकाराला मिळाल्या. दार उघडून, लावून, फटीतून बोट फिरवून पाहणारे चार जण तिथं असते आणि त्यांचं कुणी ऐकलं असतं, तर २०१२ ते २०१५ या तीन वर्षांत बरंच काही दुरुस्त होऊ शकलं असतं.