शिवराई होनाचे संग्राहक

जुनीं नाणीं जमविण्याचा छंद आमच्या सुशिक्षित वर्गांत वाढत आहे. ही गोष्ट समाधानाची म्हणावी कीं काळजीची, हें संग्राहक नाण्यांत काय पाहतो यावर अवलंबून आहे. बहुतेकांची दृष्टि सोन्यावर खिळलेली असते. त्यांतही इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकाची आठवण देणारा, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशीं अक्षरें असलेला होन ज्यास लाभला, तो स्वतःस धन्य मानतो. तींच अक्षरें मिरविणारी व पिढ्यान्‌पिढ्या बाजारांत खेळलेली तांब्याची शिवराई मात्र डब्याच्या तळाशीं पडून राहते!

या भक्तीस आमचा आक्षेप नाहीं. पण होन दुर्मिळ म्हणून त्याचें मोल मोठें, आणि मोल मोठें म्हणून बनावट होनही निघतात. विकणारा वजन सांगतो, कस सांगतो. तो होन कोणत्या गांवीं, कोणत्या नाण्यांच्या सोबतीनें निघाला, हें क्वचितच सांगतो. दहा रुपयांवरील भूमिगत निधीची वर्दी कलेक्टरास देण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलें असल्यामुळें तें सांगणें त्याच्या सोयीचेंही नसतें.

अमेरिकेंतील संग्राहकही सोन्याचे लोभीच. परंतु तेथील १८२२ सालचें पांच डॉलरांचें नाणें पाहा. त्या वर्षाच्या टांकसाळीच्या हिशेबांत १७,७९६ चा आकडा आहे. पुढें सोन्याचा भाव दर्शनी किंमतीहून चढला, नाणीं मुशींत गेलीं, आणि आज तीनच ज्ञात आहेत. तीं कोणाकडून कोणाकडे गेलीं, याचा माग मात्र तेथें काळजीपूर्वक ठेवला जातो.

आणि दूर कशाला जावें? कोल्हापूरच्या परिसरांत मिळालेलीं, धनुष्यबाणाचें चिन्ह असलेलीं कुर राजांचीं शिशाचीं नाणीं सराफ हातांतही धरणार नाहीं. पण त्यांतील कांहीं नाण्यांवर एका राजाच्या छापावर दुसऱ्याचा छाप उमटलेला आहे. वासिष्ठीपुत्र विळिवायकुराच्या नाण्यावर माढरीपुत्र शिवलकुराचा, आणि त्या दोघांच्याही नाण्यांवर गौतमीपुत्र विळिवायकुराचा. राजांचा अनुक्रम ठरला तो या विद्रूप तुकड्यांवरून. निर्मळ, ठसठशीत नाणें येथें मुकें राहिलें असतें.

पंचगंगेकांठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं १९४५-४६ सालीं उत्खनन केलें, तें मातीचे थर निरखून. सातवाहनांचा थर कोणता, बहामनींचा कोणता, हें त्यांना सांगतां आलें. होनाच्या शोधांत कोणी कुदळ घेऊन आधींच ती टेकडी उकरली असती, तर त्या विद्वानांस वाचावयास थरच उरले नसते.